सिंकथिंग रिव्ह्यू: १८० जीबीची एकच फाईल कुडाळहून डोंबिवलीला आणायची असेल तर

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढे वाचायची गरज नाही. सिंकथिंग म्हणजे दोन पीसींवरची फोल्डरं नेटवरून एकसारखी ठेवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, पहिल्या दिवशी डोकं खातं, आणि एवढं असूनही एका घरातल्या पीसीवरून दुसऱ्या गावातल्या घरच्या पीसीवर शंभर-दोनशे जीबीची अख्खी फाईल न्यायची असेल तर मी तरी आता दुसरं काही वापरत नाही. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येईलच.

आता आमची केस काय ते सांगतो कारण त्याशिवाय हा खटाटोप कशाला ते कळणार नाही. माझा मावसभाऊ, दादा, कुडाळला असतो, आणि जत्रांच्या सीझनला तो दशावताराचं, म्हणजे तिकडच्या लोकनाट्याचं, शूटिंग करतो, मंडळाच्या परवानगीने, व्यवस्थित ट्रायपॉड लावून. नाटक रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं हे तिकडच्यांना माहितीये, बाकीच्यांनी समजून घ्या. फोर-के मध्ये १०० एमबीपीएसने रेकॉर्डिंग केलं की तासाला ४५ जीबी होतात, चार तासांचे झाले १८०. कॅमेऱ्याच्या क्लिपा जोडून, मिक्सरवरचा आवाज त्याला बसवून दादा एकच मोठी फाईल करतो आणि पुढचं एडिटिंग मी डोंबिवलीत घरी बसून करतो, ऑफिसमधून आल्यावर, हौस म्हणून.

आता कोणीतरी म्हणणारच की कॉम्प्रेस करून पाठव ना, दहा जीबीत बसेल. बसेल की, पण मग दशावतारातल्या संकासुराचं काय करायचं? काळा पेहराव, मागे काळोख, वरून दोन हॅलोजन, असल्या फ्रेमला कॉम्प्रेशन लावलं की काळ्या भागात नुसते चौकोन नाचायला लागतात आणि नंतर कलर करायला गेलं की ते चौकोन आणखी वर येतात. एडिटला मूळ फाईलच लागते. आणि तुकडे करून पाठव म्हणणाऱ्यांना सांगतो की चार-चार जीबीचे केले तरी पंचेचाळीस तुकडे होतात, त्यातला एक राहिला की कुठला राहिला ते शोधत बसायचं, दोघांनी फोनवर. नको.

बरं मग नेहमीचे रस्ते बघू. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत जातं, टेलिग्रामवर फुकटात २ आणि प्रीमियम घेतलं तर ४. वीट्रान्सफर फुकटात ३ जीबी. गूगल ड्राईव्हला फुकट १५ जीबी मिळते पण त्यात जीमेल आणि फोटोपण आले, म्हणजे बहुतेकांची ती आधीच भरलेली असते. पैसे भरून १०० जीबीचा प्लॅन घेतला तरी आमची फाईल त्यात मावत नाही, त्याच्या वरचा घ्यावा लागतो. आणि क्लाउडचा खरा त्रास पैशाचा नाहीच, त्रास हा की काम दोनदा करायला लागतं, आधी दादाने अख्खी अपलोड करायची, ती पूर्ण झाली की मग मी अख्खी डाऊनलोड करायची, आणि ते डाऊनलोड ब्राऊझरमध्ये नव्वद टक्क्यांवर येऊन मेलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या वेळी तोंडातून जे निघतं ते इथे लिहिता येणार नाही.

दुसरा रस्ता म्हणजे हार्ड डिस्कच पाठवून द्यायची. हसू नका, हिशोब करून बघा. दादाकडे ५० एमबीपीएसचा फायबर आहे, अप आणि डाऊन दोन्ही सारखं. एमबीपीएसला आठने भागायचं, म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी, १८० जीबीला आठ तास, तेही सगळं गोडीगुलाबीने चाललं तर. आणि कोकणकन्या रात्री कुडाळला येते ती पहाटे ठाण्याला. म्हणजे एका फाईलला वेळ जवळपास तेवढाच, पण डिस्क दोन टीबीची असली तर गाडीचा स्पीड सलग साडेपाचशे एमबीपीएसच्या आसपास पडतो, तेवढा अपलोड आमच्यापैकी कोणाच्या घरी नाही. त्यामुळे सीझनचं सगळं फुटेज एकदम आणायचं असेल तर आजही मी म्हणेन गावाहून कोणी येत असेल त्याच्या बॅगेत डिस्क टाका आणि विषय संपवा.

पण दर वेळी येणारं माणूस मिळत नाही, आणि मग पार्सल. एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे दिलेली डिस्क भलत्याच स्टॉपला उतरली आणि ती परत मिळेपर्यंत दादाचं आणि माझं बोलणं जवळपास बंद होतं. त्यानंतर आम्ही सिंकथिंगकडे वळलो.

तर हे आहे काय. २०१३ च्या शेवटी याचं पहिलं व्हर्जन आलं, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स सगळीकडे चालतं, मागे स्वीडनमधलं एक फाउंडेशन आहे. अकाउंट नाही, लॉगिन नाही, ईमेल मागत नाही, जाहिरात नाही, प्रो प्लॅन नाही. तुमच्या पीसीवरचं एक फोल्डर आणि दुसऱ्याच्या पीसीवरचं एक फोल्डर, ही दोन एकसारखी ठेवणं एवढंच त्याचं काम. मधे कुठे फाईल साठवली जात नाही म्हणूनच साईजला लिमिट नाही, कारण लिमिट लावायला मधे कोणी बसलेलंच नाही. फाईल दादाच्या डिस्कवरून निघते आणि माझ्या डिस्कवर येते, अपलोड आणि डाऊनलोड एकाच वेळी. क्लाउडच्या निम्म्या वेळात काम होतं त्याचं कारण इतकंच.

इन्स्टॉल करायला त्रास नाही, पण विंडोजवर मूळ प्रोग्रॅम तसाच चालवला तर एक काळी खिडकी उघडते, त्यात भराभर ओळी पळतात आणि ब्राऊझरमध्ये एक पान येतं. तेच पान म्हणजे अ‍ॅप. घरच्या साध्या माणसाला हे बघून वाटतं की व्हायरस आला. वेगळा विंडोज इन्स्टॉलर मिळतो तो वापरा, पीसी सुरू झाला की आपोआप मागे चालू होतं आणि काळी खिडकी दिसत नाही. हे मी दादाला आधी सांगितलं नव्हतं तर त्याचा लगेच फोन, "मेल्या, ह्या काय काळा काळा उघडला? बंद करू काय?" म्हटलं नको दादा, अजिबात हात लावू नकोस.

मग येतो तो डिव्हाईस आयडी. प्रत्येक पीसीला एक आयडी मिळतो, सात-सात अक्षरांचे आठ गट, एकूण छप्पन्न अक्षरं आणि आकडे. हा आयडी मी दादाला द्यायचा, त्याचा मी घ्यायचा, आणि दोघांनी एकमेकांना अ‍ॅड करायचं. फोनवर वाचून दाखवायच्या भानगडीत पडू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी-पेस्ट करून पाठवा. एकाने अ‍ॅड केलं की दुसऱ्याच्या पानावर वर एक पट्टी येते की अमुक डिव्हाईस जोडायचंय, घेऊ का, तिथे हो म्हणायचं. नंतर फोल्डर शेअर केलं की तशीच पट्टी पुन्हा येते. म्हणजे दोन वेळा हो म्हणायचं असतं आणि बरीच माणसं पहिल्या होकारानंतर उठून जातात आणि मग म्हणतात चालत नाही. दादाच्या बाबतीत तर पट्टी आली तेव्हा तो जेवायला गेला होता. "वायच थांब रे, जेवतंय," असं म्हणून जो गेला तो वामकुक्षी काढूनच आला.

आयडी कोणाच्या हाती लागला तर काय, असं बायकोने विचारलं आणि प्रश्न बरोबर आहे. नुसत्या आयडीने काही होत नाही, दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्य केल्याशिवाय फाईलचा एक बाईटसुद्धा हलत नाही, आणि जे जातं ते एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही असं कुलूपबंद होऊन जातं.

जोडणी झाली, फाईल फोल्डरमध्ये टाकली, आणि आता वाटतं की सुरू होईल. नाही होत. आधी स्कॅनिंग. सिंकथिंग ती अख्खी फाईल आधी वाचून काढतं, तिचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्या तुकड्याची ओळख पटवणारा बोटाचा ठसाच म्हणा, काढून ठेवतं. एवढ्या मोठ्या फाईलला तुकडा १६ एमबीचा असतो म्हणजे १८० जीबीचे साधारण पावणेअकरा हजार तुकडे. साध्या इंटर्नल हार्ड डिस्कवर याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, पण दादाने फाईल ठेवली होती जुन्या यूएसबी २ च्या एक्सटर्नल डिस्कवर, तिथे सेकंदाला तीस-पस्तीस एमबीच्या वर वाचलंच जात नाही, म्हणजे नुसत्या वाचण्यात दीड तास. तेवढा वेळ पलीकडे शून्य टक्के. ह्या वेळात काही बंद करून परत चालू करू नका, ते बिघडलेलं नसतं, वाचत असतं. फाईल आधी इंटर्नल डिस्कवर घेतली तर कॉपी करण्यात तेवढाच वेळ जातो त्यामुळे तेही करून फायदा नाही, पहिल्यापासूनच तिथे एक्सपोर्ट करायची.

हा तुकड्यांचा प्रकार मात्र सगळ्या गोष्टीचा जीव आहे. आपल्याकडच्या घरगुती नेटचा प्रॉब्लेम स्पीड हा नाहीच मुळी, स्पीड आता बऱ्यापैकी मिळतो, प्रॉब्लेम आहे खंड पडण्याचा. लाईट जाते, राऊटर हँग होतो, केबलवाल्याची वायर कोणाच्या तरी जेसीबीने तोडलेली असते, आईला पीसी आवाज करतोय म्हणून तो बंद करावासा वाटतो. ह्यातलं काही ना काही आठ-दहा तासांत होणारच, आणि कुठलीही पद्धत चांगली की वाईट हे त्या क्षणानंतर ती काय करते त्यावर ठरतं. सिंकथिंग काय करतं, तर आलेले तुकडे एका टेम्पररी फाईलमध्ये लिहून ठेवतं आणि नेट परत आलं की कुठले आलेत ते तपासून फक्त उरलेले मागतं. तुम्ही काही दाबायचं नाही, रिझ्यूम नावाचं बटणसुद्धा नाही. दादाकडे लाईट गेली तेव्हा आमचं ट्रान्सफर ६३ टक्क्यांवर होतं. त्याचा मेसेज आला, "लाईट गेली हा, आता?" मी म्हटलं काही नाही, आली की पीसी चालू कर आणि झोप. सकाळी बघितलं तर काम पूर्ण. क्लाउडवाल्या दिवसांत ह्याच प्रसंगाला आम्ही दोघांनी अर्धी रात्र घालवली असती.

आणि प्रत्येक तुकडा पोचल्यावर त्याचा हॅश पुन्हा जुळवला जातो, त्यामुळे फाईल पूर्ण झाली म्हणजे ती खरोखर जशीच्या तशी आलेली असते. पेनड्राईव्हवरून कॉपी केल्यावर तिसऱ्या तासाला व्हिडिओत हिरव्या रेघा दिसणं हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना याची किंमत कळेल.

पण एक मेख आहे आणि ही फार कमी लोक सांगतात. ती अर्धवट टेम्पररी फाईल डिफॉल्टने २४ तासच जपली जाते. ट्रान्सफर अडकलं आणि चोवीस तासांपेक्षा जास्त काळ त्या फाईलला कोणी हात लावला नाही तर पुढच्या स्कॅनला ती साफ होते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. शहरात चोवीस तास नेट बंद फारसं राहत नाही पण कोकणात एक मोठं झाड वायरीवर पडलं की दोन-तीन दिवस गेलेच समजा. अ‍ॅक्शन्स मेन्यूत अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून आहे, त्यात ऑप्शन्सच्या यादीत कीप टेम्पररीज नावाचा आकडा आहे, तासांत, तिथे २४ च्या जागी मी २४० टाकलाय. हे ज्या पीसीवर फाईल येणार तिथे करायचं, पाठवणाऱ्याकडे नाही. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या आत लपवून ठेवल्याबद्दल मी अर्धा स्टार कापलाय.

उरलेला अर्धा स्टार रिलेसाठी. हे जरा नीट समजून घ्या कारण "सिंकथिंग स्लो आहे" म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणांचं दुखणं हेच असतं असं माझं मत. आपल्या घरच्या नेटला बऱ्याचदा स्वतःचा बाहेरचा पत्ता नसतो, कंपनी एकच पत्ता पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटते, त्याला सीजीनॅट म्हणतात. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (राऊटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ ह्या रांगेतला दिसला तर तुम्ही सीजीनॅटमध्ये आहात, पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राऊटरमधून पीसीपर्यंत वाट उघडून देणं, वगैरे करून काही उपयोग नाही. दोन्ही बाजू अशा असल्या तर सिंकथिंग आधी थेट जुळायचा प्रयत्न करतं आणि नाहीच जमलं तर रिलेवरून जातं. रिले म्हणजे कोणीतरी स्वखुशीने चालवलेला मधला सर्व्हर, तो जर्मनीत असेल नाहीतर सिंगापूरला. त्याला तुमची फाईल वाचता येत नाही, तो नुसतं इकडचं तिकडे देतो, पण तो फुकटात हे करतोय आणि त्याच्याकडे आणखी पुष्कळ लोक आहेत, मग स्पीड कसला मिळणार.

पानावर समोरच्या डिव्हाईसखाली कनेक्शन टाईप लिहिलेला असतो. तिथे टीसीपी वॅन किंवा क्विक वॅन, म्हणजे थेट जोडणी, दिसलं की निवांत बसा. रिले वॅन दिसलं की समजा रात्र नाही, आठवडा जाणार. आमच्याकडे सुरुवातीला रिलेच होतं आणि सेकंदाला काहीशे केबी असला केविलवाणा आकडा दिसत होता, त्या स्पीडने मे महिना उजाडला असता. त्यावर उपाय म्हणजे दोन्हीकडच्या राऊटरवर आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत, चालू आहे का बघा, असलं तर प्रत्येक पीसीला स्वतःचा पत्ता मिळतो आणि सीजीनॅटचा प्रश्नच राहत नाही, फक्त विंडोज फायरवॉल आणि राऊटरची फायरवॉल दोन्हींनी सिंकथिंगचा २२००० नंबरचा पोर्ट (त्याची ये-जा करायची वाट) अडवायला नको. माझ्याकडे आयपीव्ही६ आधीपासून होतं, दादाच्या राऊटरवर ते बंद करून ठेवलेलं होतं, का ते देव जाणे. केबलवाल्या पोराला घरी बोलावून चालू करून घेतलं, चहा-खारी त्याच्या हातात दिली आणि तो खारी बुडवत असतानाच रिलेचं टीसीपी झालं. सेकंदाला पाच एमबीच्या वर. दादा बघून म्हणाला, "आता कसा पळता बघ!"

दोघांपैकी एकाकडे जरी खरा पब्लिक आयपी, म्हणजे स्वतःचा बाहेरचा पत्ता, असला तरी पुरतं, हे लक्षात असू द्या. काही कंपन्या महिन्याला थोडे जास्त पैसे घेऊन स्टॅटिक आयपी देतात, पण फक्त ह्यासाठी घ्यायची गरज नाही, आधी आयपीव्ही६ बघा.

आता धोके. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नव्हे. हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या माहितीतही असतं, तरी लोक गोंधळ घालतात. फोल्डर डिफॉल्टने दोन्ही बाजूंनी सारखं राहतं, म्हणजे मी माझ्याकडून फाईल उडवली की ती दादाकडूनही उडते. एडिट झालं, जागा हवी म्हणून मी माझी कॉपी डिलीट केली आणि तिकडे दादाची ओरिजिनल गेली, असला प्रकार नको असेल तर फोल्डर बनवतानाच पाठवणाऱ्याकडे सेंड ओन्ली आणि घेणाऱ्याकडे रिसीव्ह ओन्ली असं सेट करा. मग माझ्याकडे मी काहीही केलं तरी दादाच्या डिस्कला धक्का लागत नाही. आणि काम झालं की आधी शेअरिंग काढा आणि मग डिलीट करा, उलटं नको. शिवाय दादाच्या पीसीवर फाईल व्हर्जनिंग म्हणून सोय आहे ती चालू ठेवली तर समोरून आलेल्या डिलीटमध्ये गेलेली फाईल एका वेगळ्या फोल्डरात पडून राहते, कचऱ्याच्या डब्यासारखी. पण त्याला जागा लागते हेही आलंच.

जागेवरून आठवलं, घेणाऱ्याच्या डिस्कवर अख्ख्या फाईलएवढी मोकळी जागा पाहिजे हे उघड आहे, पण डिस्क कुठल्या प्रकारे फॉरमॅट केलीये तेही बघा. फॅट३२ असली तर ४ जीबीच्या वरची एक फाईल तिच्यावर बसतच नाही, पाचशे जीबी रिकामी असली तरी. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पाहिजे. पेनड्राईव्ह आणि जुन्या एक्सटर्नल डिस्कवर हे हमखास भेटतं.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. स्पीडला लिमिट लावता येतं, दिवसा मी लावून ठेवतो नाहीतर पोरीच्या ऑनलाईन क्लासला मॅडमचा चेहरा गोठतो. पीसीची स्लीप बंद करायला विसरू नका, पीसी झोपला की ट्रान्सफरही झोपलं. दोन्ही पीसी एकाच वेळी चालू असायलाच लागतात ह्याला इलाज नाही, मधे कोणी साठवत नसल्याची ती किंमत आहे. दादाने राऊटरला एक छोटा यूपीएस लावलाय, त्याचा फायदा एवढाच की पीसी नसला तरी फोनला वायफाय राहतं, लाईट गेल्यावर पीसी चालायला इन्व्हर्टर लागतो. डेटा लिमिटची काळजी असेल तर, घरच्या फायबर प्लॅनवर अनलिमिटेडच्या खाली महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते, त्यात आमच्यासारख्या फाईली पंधरा-सोळा सहज बसतात. मोबाईल हॉटस्पॉटवरून मात्र हे करायला जाऊ नका, दिवसाचे दोन जीबी ते कितीसे पुरणार.

अँड्रॉईडवर मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं, त्याच्यापासून निघालेलं सिंकथिंग-फोर्क आहे ते चालतं. आयफोनला त्यांचं स्वतःचं अ‍ॅप नाही. पण असल्या फाईलीसाठी फोनचा संबंध येतोच कुठे. पीसीवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये २.० आलं, आतला डेटाबेस बदलला आहे, त्यामुळे जुन्यावरून नव्यावर जाताना पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं. आमच्यासारख्या एक-दोन फाईलवाल्यांना फरक कळणार नाही, लाखभर फोटोवाल्यांना कळेल.

दुसरे पर्याय पण आहेत आणि सगळेच वाईट नाहीत. एकदाच एक फाईल पाठवायची, पुन्हा संबंध नाही, आणि दोन्ही माणसं काळ्या खिडकीला घाबरणारी नसली तर क्रॉक बघा. एक कमांड, एक कोड, समोरच्याने कोड टाकला की सुरू, आणि मधे तुटलं तर पुढून चालू होतं. पण घराबाहेर तो डेटा रिलेवरूनच नेतो, त्यामुळे १८० जीबी नाही, पाच-दहा जीबीला ठीक. मॅजिक वर्महोल वापरायला त्याहून गोड आहे पण त्यात तुटलं की तुटलं, पुन्हा पहिल्यापासून. लोकलसेंड सुंदर आहे पण एकाच वायफायवर, कुडाळ-डोंबिवली नाही. टोरंट म्हटलं की लोक पिक्चर चोरण्याचं समजतात पण स्वतःच्या फाईलचा टोरंट करून एका माणसाला देणं हा अगदी सरळ मार्ग आहे, तोही तुकड्यांनीच नेतो, तपासतो, तुटला तर पुढून घेतो. दादाला तो समजावणं मला जास्त अवघड वाटलं म्हणून नाही केलं. घेणारे पाच-सहा जण असतील तर टोरंटच बरा. आणि रेझिलिओ सिंक म्हणून सिंकथिंगचाच भाऊबंद आहे, दिसायला छान, पण तो ओपन सोर्स नाही आणि मला सिंकथिंगमध्ये अडचण नसताना तिकडे जायचं कारण दिसलं नाही.

मग कोणी घेऊ नये? ज्याला आठवड्यात एकदा बॉसला पाचशे एमबीचं प्रेझेंटेशन पाठवायचंय त्याने अजिबात नको, ड्राईव्ह आहे की. ज्याच्या समोरच्या माणसाला तुम्ही फोनवर अर्धा तास सेटिंग सांगू शकत नाही, म्हणजे क्लायंट किंवा सासरे, तिथेही नको. पण दोन घरं ठरलेली आहेत, फाईली मोठ्या आहेत, परत परत पाठवायच्यात, तर एका रविवारचा त्रास आहे आणि मग काही बघावं लागत नाही. दादा आता फोल्डरमध्ये फाईल टाकतो आणि मला सांगतसुद्धा नाही, माझ्या पीसीवर टक्के वाढताना दिसले की मी समजतो कुठेतरी धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, झाला.

कोणाला सेटअप करायचा असेल आणि दोन्हीकडे रिले वॅनच दिसत असेल तर राऊटरचं मॉडेल आणि वॅन आयपीचे पहिले दोन आकडे तेवढे सांगा, अख्खा आयपी टाकू नका. आयपीव्ही६ चालू करायचं बटण प्रत्येक राऊटरमध्ये वेगळ्या ठिकाणी लपवलेलं असतं, काही मॉडेलचं मला माहितीये, बाकीच्यांसाठी केबलवाल्याच्या पोराला चहा पाजा.